अवसादरोधी औषधे आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था

अवसादावरील औषधे महिनोन्‌महिने घेणाऱ्या रोग्याच्या मनात, आणि बहुधा त्याच्याहूनही अधिक त्याच्या आप्तांच्या मनात, एक शंका हमखास उद्भवते : या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती कमी तर होत नाही ना? शंका अस्वाभाविक नाही. जे औषध मेंदूवर परिणाम करते ते उरलेल्या शरीराला स्पर्श केल्यावाचून राहील, असे मानण्यास काही आधार नाही. आणि गेल्या तीन दशकांतील संशोधनाने तसा स्पर्श होतो हे दाखविलेही आहे. तथापि या शंकेला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. उपलब्ध ज्ञान अपुरे आहे एवढेच त्याचे कारण नाही. प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो त्या शब्दांतच त्याची अडचण दडलेली आहे.

ही अडचण केवळ तात्त्विक आहे असेही समजू नये. 'प्रतिकारशक्ती कमी होते' असे कोठेतरी ऐकून एखादा रोगी चालू औषध एकाएकी बंद करतो आणि पूर्वीच्या आजारात पुन्हा सापडतो. उलटपक्षी, 'ही औषधे शोथ कमी करतात' एवढेच ऐकून, ज्याला त्यांची आवश्यकता नाही असा मनुष्य त्यांच्याकडून भलत्याच अपेक्षा करू लागतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. ते कोणते, हे पाहण्यासाठी प्रथम शब्दाकडे आणि मग वस्तुस्थितीकडे वळणे इष्ट ठरेल.

१. शक्ती आणि व्यवस्था

मराठीत 'शक्ती' हे नाम ज्या क्रियापदांबरोबर येते ती पाहिली, म्हणजे त्यामागील कल्पना स्पष्ट होते. शक्ती वाढते, घटते, खर्च होते, भरून येते. अर्थात ती एकजिनसी राशी आहे आणि तिच्यात होणारा बदल एकाच रेषेवर वर किंवा खाली असणार, असे भाषा नकळत शिकविते. पाश्चात्त्य भाषांतील प्रतिशब्दामागची कल्पना निराळी आहे. लॅटिन 'इम्यूनिस' या शब्दाचा मूळ अर्थ करांतून किंवा सार्वजनिक कर्तव्यांतून सूट मिळालेला, असा होता. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या बहुधा पुन्हा येत नसत. ही जणू त्याला मिळालेली सूटच. तेथे कल्पना सुटकेची आहे, येथे बळाची. परंतु शरीरात प्रत्यक्ष काय घडते याचे वर्णन या दोहोंपैकी एकही कल्पना करीत नाही.

प्रत्यक्षात शरीरात आहे ती अनेक प्रकारच्या पेशींची आणि त्यांच्यामध्ये देवाणघेवाण करणाऱ्या रसायनांची एक व्यवस्था. तिचे स्थूलमानाने दोन भाग पाडतात. पहिला जन्मजात भाग. जंतूंचा शिरकाव होताच किंवा ऊतकाला इजा होताच काही तासांतच भक्षकपेशी तेथे गोळा होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज, लाली व ऊब दिसू लागते. या सर्व प्रकारास शोथ म्हणतात. दुसरा भाग अर्जित स्वरूपाचा. लसीकापेशी विशिष्ट जंतू ओळखण्यास शिकतात, त्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात आणि त्या ओळखीची स्मृती राखतात. लसीकरणाची सारी उपयुक्तता या स्मृतीवर अवलंबून असते. दोन्ही भागांतील पेशी परस्परांना सूचना देतात त्या सायटोकाइन या नावाच्या लहान प्रथिनांच्या द्वारे. यांतील काही शोथ चेतवितात, काही तो आवरतात. अन्यत्र, अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे हॉर्मोन या साऱ्यावर लगाम ठेवण्याचे काम करते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. शोथ वाढला म्हणजे संरक्षण वाढले, असे नव्हे. संधिवाताच्या काही प्रकारांत शोथ वर्षानुवर्षे चालू असतो, पण त्यामुळे रोगी अधिक 'बलवान' होत नाही. त्याचे सांधे मात्र झिजतात. त्याचप्रमाणे एखाद्या औषधाने शोथकारक सायटोकाइनांचे प्रमाण उतरले, तर अर्जित प्रतिकारही उतरलाच पाहिजे असे नाही. व्यवस्थेच्या एका भागात जे घडते ते दुसऱ्या भागात उलट दिशेने घडू शकते. म्हणून पुढील विवेचनात 'प्रतिकारशक्ती'ऐवजी 'प्रतिकारव्यवस्था' हाच शब्द योजिला आहे.

२. सन १९५७ मधील तीन घटना

अवसादरोधी औषधांचा शोध प्रतिकारव्यवस्थेचा विचार करून लागला नाही. पण त्या शोधाच्या जन्मवेळी जंतुरोग जवळच उभे होते. १९५२ साली न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले जात होते. रोगी केवळ सुधारलेच नाहीत, तर त्यांच्या वृत्ती उल्हसित झाल्याचे दिसून आले. त्याच वर्षी हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज या एंझाइमाला रोखते असे आढळले. हे एंझाइम सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन यांसारख्या मज्जासंस्थेतील संदेशवाहकांचे विघटन करते. १९५७ मध्ये नेथन क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुद्दाम अवसादाच्या रोग्यांना देऊन त्याचा उपयोग दाखविला. यकृतावरील घातक परिणामांमुळे अमेरिकेत ते १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. १९५७ मध्येच स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोवैद्य रोलांड कून यांनी इमिप्रामिन या त्रिवलयी औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध छिन्नमनस्कतेवर चालेल अशी मूळ अपेक्षा होती. तेथे ते निरुपयोगी ठरले आणि अवसादावर गुणकारी निघाले.

या इतिहासाला मुंबईचाही एक धागा आहे. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यापासून १९५२ साली वेगळे केलेले रेसर्पिन हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनचे साठे रिकामे करते, हे १९५५ च्या सुमारास समजले. आणि ते घेणाऱ्या काही रोग्यांना अवसाद येतो असे वैद्यांना वाटू लागले. या निरीक्षणाची सत्यता पुढे शंकास्पद ठरली. पण इप्रोनियाझिड संदेशवाहके वाढविते व रेसर्पिन घटविते, या जोडीतून १९६५ पर्यंत 'अवसाद म्हणजे संदेशवाहकांची उणीव' ही उपपत्ती रूढ झाली. येथेही तोच एकरेषीय विचार दिसतो : उणीव आणि भरपाई.

या उपपत्तीत एक गोष्ट बसत नव्हती. औषध घेतल्यापासून काही तासांतच मज्जापेशींच्या सांध्यांत संदेशवाहकांचे प्रमाण बदलते, परंतु रोग्याला बरे वाटू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. या मधल्या काळात शरीरात दुसरे काहीतरी संथपणे घडत असले पाहिजे. ते काय, हे शोधताना अभ्यासकांची दृष्टी पुढे प्रतिकारव्यवस्थेकडे गेली.

१९५७ ची तिसरी घटना याच संदर्भात महत्त्वाची आहे, जरी त्यावेळी तिचा पहिल्या दोन घटनांशी काहीएक संबंध कोणास दिसला नव्हता. लंडन येथे आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी विषाणूंच्या वाढीस अडथळा आणणारे एक द्रव्य शोधून काढले व त्यास इंटरफेरॉन हे नाव दिले. पुढे तीन-चार दशकांनी याच द्रव्याने अवसाद आणि प्रतिकारव्यवस्था यांचे नाते सर्वाधिक स्पष्टपणे उघडे केले.

३. आजारीपणाचे वर्तन

ताप आलेले जनावर कोपऱ्यात पडून राहते, खात नाही, इतर जनावरांत मिसळत नाही. हे केवळ अशक्तपणाचे लक्षण नसून शरीराने हेतुपुरस्सर स्वीकारलेले वर्तन आहे. त्यामुळे जंतूंशी झगडण्यासाठी ऊर्जा राखली जाते, असे प्रतिपादन बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली केले. हे वर्तन घडवून आणणारे घटक म्हणजे शोथकारक सायटोकाइनेच. निरुत्साह, भूक मंदावणे, झोपेचा बिघाड, कशातच गोडी न वाटणे, एकलकोंडेपणा ही त्याची लक्षणे; आणि अवसादाच्या लक्षणांची यादी याहून फारशी निराळी नाही. मराठीतील 'अवसाद' या संस्कृत शब्दातील 'अव' व 'सद्' यांचा अर्थही खाली बसणे, खचणे असाच आहे. १९९१ मध्ये रोनाल्ड स्मिथ यांनी या साम्याच्या आधारे, भक्षकपेशींतून स्रवणारी द्रव्येच अवसादाच्या मुळाशी असावीत, असा सिद्धांत मांडला. १९९६ मध्ये उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात जिवाणूंच्या आवरणातील विष टोचल्यावर उंदरांची गोड पाण्याची आवड नाहीशी झाली. मात्र ज्यांना आधीपासून काही आठवडे इमिप्रामिन दिले होते त्यांची ती टिकून राहिली.

माणसाच्या बाबतीत असा प्रयोग दीर्घकाळ मुद्दाम चालविता येत नाही. पण उपचारांनीच तो करून दाखविला. इंटरफेरॉन-आल्फा हे द्रव्य कर्करोगाच्या काही प्रकारांत आणि यकृतशोथाच्या 'सी' प्रकारात औषध म्हणून वापरले जात असे. यकृतशोथात तोंडाने घ्यावयाच्या नव्या विषाणुरोधी औषधांनी २०१४ नंतर त्याची जागा घेतली. ते घेणाऱ्या रोग्यांपैकी पुष्कळांना काही आठवड्यांतच खराखुरा अवसाद येई. कित्येकांना त्यापायी उपचार सोडावा लागे. म्हणजे येथे प्रतिकारव्यवस्थेला बाहेरून चालना दिली जात होती व मनाचे खचणे हा तिचा परिणाम होता.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, त्वचेच्या घातक कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० रोग्यांचे यदृच्छेने दोन गट करण्यात आले. एका गटास इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरोक्सेटिन हे अवसादरोधी औषध दिले, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटात ४५ टक्के रोग्यांना अवसाद आला, पहिल्या गटात ११ टक्क्यांना. अवसादामुळे किंवा अन्य विषारी परिणामामुळे उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ३५ टक्के होते, पहिल्यात ५ टक्के.

या निष्कर्षाचा उतावळेपणाने अर्थ लावला, तर पॅरोक्सेटिनने इंटरफेरॉनची प्रतिकारव्यवस्थेवरील क्रियाच दाबली असेल असे वाटेल. तसे घडले नव्हते. त्या अभ्यासाचा पाठपुरावा करताना ट्रिप्टोफॅन या अॅमिनो अम्लाचे मोजमाप केले गेले. सेरोटोनिन याच अम्लापासून बनते. शोथाच्या वेळी एक एंझाइम ते दुसऱ्या वाटेने वळविते आणि त्यापासून कायन्युरेनिन हे द्रव्य तयार होते. त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर मज्जापेशींना अतिरेकी चेतना देणारे द्रव्यही निर्माण होते. इंटरफेरॉन घेणाऱ्यांत ही वळणवाट जोरात चालू झाली होती, आणि पॅरोक्सेटिन घेणाऱ्यांतही ती थांबली नव्हती. औषधाने तिचा मनावर होणारा परिणाम तेवढा सौम्य केला. त्यातही खिन्नता व चिंता यांना जसा उतार पडला, तसा थकवा व भूक मंदावणे यांना पडला नाही. म्हणजे एकाच रोग्यात, एकाच वेळी, औषधाने व्यवस्थेच्या एका परिणामाला रोखले आणि दुसऱ्याला मोकळे सोडले.

४. औषध प्रतिकारपेशींपर्यंत कसे पोचते?

सेरोटोनिन हे 'मेंदूतील रसायन' म्हणून प्रसिद्ध आहे, पण शरीरातील सुमारे नऊ-दशांश सेरोटोनिन आतड्यात असते. तेथून रक्तात आलेले सेरोटोनिन रक्तबिंबिका टिपून घेतात व साठवितात. त्यासाठी त्या ज्या वाहक प्रथिनाचा उपयोग करतात, तेच वाहक मज्जापेशीही सांध्यातील सेरोटोनिन परत घेण्यासाठी वापरतात. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या वर्गातील इतर औषधे या वाहकालाच अडवितात. मेंदूतील वाहक अडवावयाचा आणि रक्तातील मोकळा ठेवावयाचा, असा विवेक औषधाजवळ नसतो. लसीकापेशींवर आणि शोथाची पहिली वर्दी देणाऱ्या काही पेशींवरही हे वाहक व सेरोटोनिनचे ग्राही आढळतात. यास्तव ही औषधे प्रतिकारव्यवस्थेला चुकून स्पर्श करतात असे म्हणणे बरोबर नाही. त्यांचे लक्ष्यच तेथेही हजर असते.

याखेरीज निदान तीन वाटा सांगितल्या जातात. पहिली कॉर्टिसॉलची. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल भरपूर असूनही पेशी त्याच्या सूचनेस दाद देईनाशा होतात आणि शोथावरचा लगाम सैल पडतो. अवसादरोधी औषधांनी कॉर्टिसॉलच्या ग्राहींची संवेदनक्षमता सुधारते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. दुसरी वाट पेशीच्या आतील संदेशमालिकांची. १९९६ मध्ये असे दाखविण्यात आले की, माणसाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशींवर त्रिवलयी औषधे घातली असता त्यांतून स्रवणाऱ्या शोथकारक सायटोकाइनांचे प्रमाण उतरते. तिसरी वाट सिग्मा-१ नावाच्या ग्राहीची. फ्लुव्होक्झामिन या औषधाची या ग्राहीवर विशेष पकड आहे. आणि जंतुसंसर्गाने सर्वांगात उसळणारा शोथ उंदरांमध्ये त्याने आवरला गेल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काचपात्रातील पेशींवर औषधाची जी तीव्रता वापरली जाते ती पुष्कळदा रोग्याच्या रक्तातील तीव्रतेहून कितीतरी अधिक असते. म्हणून काचपात्रातील परिणाम हा शक्यतेचा पुरावा होय, घटनेचा नव्हे.

५. रोग्यांच्या रक्तात काय आढळते?

अवसादाच्या रोग्यांची निरोगी माणसांशी तुलना केली असता, इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ-आल्फा यांसारख्या सायटोकाइनांचे, तसेच शोथाच्या वेळी यकृतातून स्रवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाचे प्रमाण सरासरीने अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित गणितावरून दिसते. औषधोपचारानंतर त्यांतील काहींचे, विशेषतः इंटरल्यूकिन-६ चे, प्रमाण सरासरीने उतरते. परंतु 'सरासरी' या शब्दाने फसून जाता कामा नये. एका लिटर रक्तद्रवात ३ मिलिग्रॅमहून अधिक सीआरपी असलेले रोगी एकूणांच्या सुमारे चतुर्थांशच असतात. उरलेल्यांत शोथ असा फारसा नसतोच. मग तो 'कमी' होण्याचा प्रश्न कोठून येणार? शिवाय लठ्ठपणा, धूम्रपान, झोपेचा अभाव यांनीही ही प्रमाणे वाढतात. रोगी बरा होऊ लागला म्हणजे तो चालतो-फिरतो, नीट जेवतो, झोपतो. तेव्हा उतरलेल्या आकड्याचे श्रेय औषधाचे किती आणि बरे होण्याचे किती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

रोग्यांचे हे दोन गट निराळे मानावेत यास दोन अभ्यासांनी बळ दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या ६० रोग्यांपैकी काहींना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ-आल्फा निष्प्रभ करणारे संधिवातावरील औषध शिरेवाटे दिले. सर्व रोगी मिळून पाहता त्याचा काही लाभ दिसला नाही. परंतु ज्यांचे सीआरपी आरंभीच लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक होते त्यांत सुधारणेचा कल दिसला, आणि ज्यांचे कमी होते त्यांत निरौषध गटच सरस ठरला. युरोपातील एका अभ्यासाचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही असेच बोलके आहेत. लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी सीआरपी असलेल्यांना एसिटालोप्रॅमने अधिक उतार पडला. त्याहून अधिक असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिनने. हे निष्कर्ष दैनंदिन चिकित्सेचा नियम बनण्याइतके पक्के झालेले नाहीत. तथापि 'अवसादाच्या रोग्याची प्रतिकारशक्ती' अशी एकच एक वस्तू नाही, हे मात्र त्यांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.

२०१३ मधील आणखी एका अभ्यासाचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना नागिणीची लस दिल्यावर त्या विषाणूविरुद्ध लसीकापेशींचा प्रतिसाद किती उठतो, हे मोजण्यात आले. अवसाद असून त्यावर औषध न घेणाऱ्यांत तो क्षीण आढळला. अवसाद असून औषध घेणाऱ्यांत तो निरोगी माणसांच्या जवळपास होता. विशेष हे की, औषधाने अवसादाची लक्षणे हटली असोत वा नसोत, हा फरक टिकून होता. कोणी औषध घ्यावे हे संशोधकांनी ठरविलेले नसल्यामुळे या निरीक्षणास मर्यादा आहे. पण ते वरील निष्कर्षांशेजारी ठेवून पाहावे. ज्या वर्गाची औषधे शोथकारक द्रव्ये उतरवितात, त्याच वर्गाची औषधे घेणाऱ्यांत लसीचा प्रतिसाद चढलेला आढळतो. मग 'शक्ती' वाढली की घटली? प्रश्न या शब्दांत विचारला, तर दोन्ही उत्तरे खरी ठरतात आणि दोन्ही दिशाभूल करतात.

६. फ्लुव्होक्झामिनचा धडा

प्रयोगशाळेतील वाट आणि रोग्याचे हित यांत किती अंतर असू शकते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे करोनाच्या साथीतील फ्लुव्होक्झामिन. करोनाच्या गंभीर रोग्यांत अनावर शोथ हाच घातक ठरतो असे दिसू लागताच, उंदरांवरील वर उल्लेखिलेल्या प्रयोगाची आठवण झाली. २०२० मध्ये अमेरिकेत १५२ रोग्यांवर झालेल्या छोट्या चाचणीत फ्लुव्होक्झामिन घेणाऱ्या ८० पैकी एकाचीही प्रकृती ढासळली नाही. निरौषध गटातील ७२ पैकी ६ जणांची ढासळली. २०२१ मध्ये ब्राझीलमधील सुमारे १,५०० रोग्यांच्या चाचणीत, तातडीच्या विभागात दीर्घकाळ राहावे लागण्याचे किंवा मोठ्या रुग्णालयात हलविण्याचे प्रमाण औषधाच्या गटात ११ टक्के आणि दुसऱ्या गटात १६ टक्के आढळले. आशा वाढल्या. मात्र २०२२ व २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत असा लाभ दिसून आला नाही, आणि मे २०२२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तातडीच्या वापरासाठी परवानगी नाकारली.

या निष्कर्षांतील भेदाची कारणे मात्रा, लसीकरण झालेल्यांचे प्रमाण, विषाणूचा बदललेला प्रकार, 'प्रकृती ढासळणे' याची निरनिराळी व्याख्या अशी अनेक असू शकतात. येथे महत्त्वाची आहे ती एवढीच गोष्ट : औषध शोथावर परिणाम करते, हे विधान खरे असूनही ते औषध शोथजन्य रोगावर उपकारक ठरेल, हे विधान त्यातून आपोआप निघत नाही. पहिले विधान पेशींविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. आणि दोहोंमधला दुवा चाचणीनेच सिद्ध करावा लागतो.

७. अपायांविषयी

ही औषधे निर्धोक आहेत असा याचा अर्थ नव्हे. मिअॅन्सेरिन या औषधाने क्वचित, आणि वृद्धांत विशेषेकरून, अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशींची निर्मिती धोकादायक रीतीने घटते. येथे मात्र 'प्रतिकार कमी झाला' हे शब्द अक्षरशः खरे ठरतात. औषध चालू असता ताप किंवा घशात व्रण उद्भवल्यास रक्त तपासावे लागते ते यासाठीच. बुप्रोपिऑनने काही थोड्यांच्या अंगावर पित्त उठते, सांधे दुखतात, ताप येतो; ही प्रतिकारव्यवस्थेने औषधाविरुद्धच दिलेली प्रतिक्रिया असते. सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या औषधांनी रक्तबिंबिकांतील सेरोटोनिनचा साठा रोडावतो. त्यामुळे ती औषधे अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांबरोबर घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. रक्तस्रावाचा हा धोका प्रतिकारव्यवस्थेच्या वाटेने आलेला नाही, पण वाहक तोच आहे.

याउलट, कॉर्टिसॉलसारखी औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत जशी जंतुसंसर्गाची भीती असते, तशी भीती नेहमीच्या मात्रेत अवसादरोधी औषधे घेणाऱ्यांत धरली जात नाही. वैद्यकात त्यांची गणना प्रतिकार दडपणाऱ्या औषधांत होत नाही. केवळ त्या भीतीने औषध एकाएकी सोडणे मात्र निश्चितपणे अपायकारक आहे. चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश यांसारखी लक्षणे त्यामुळे उद्भवतात आणि मूळ आजार उलटण्याचा संभव असतो. औषध थांबवावयाचेच असेल, तर ते वैद्याच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी करावयाचे असते.

८. प्रश्नाची फेरमांडणी

वरील विवेचनावरून हे दिसून येईल की, अवसादरोधी औषधे आणि प्रतिकारव्यवस्था यांच्या संबंधाविषयीचे कोणतेही विधान चार बाबी स्पष्ट केल्याखेरीज अर्थपूर्ण होत नाही. औषध कोणते, व्यवस्थेचा कोणता भाग, रोग्याच्या शरीरात आरंभी शोथ होता की नव्हता, आणि मोजमाप काचपात्रात झाले, जनावरात की माणसात. 'या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते' या वाक्यात या चारांपैकी एकही बाब नाही. ते खोटे आहे असे म्हणण्यापेक्षा ते अपुरे आहे असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. पण अपुरे वाक्य पुरे समजून त्यावर कृती केली, तर त्याचे परिणाम खोट्या वाक्यासारखेच होतात.

'अवसादरोधी' हे नावही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. औषधाला त्याच्या एका परिणामावरून नाव मिळाले, की उरलेले परिणाम 'दुष्परिणाम' किंवा 'आनुषंगिक परिणाम' या सदरात ढकलले जातात. वाहक अडविणे ही औषधाची क्रिया. मनाला उभारी येणे, रक्तबिंबिका रिकाम्या होणे, लसीकापेशींचा प्रतिसाद बदलणे ही तिची फळे. त्यांतील कोणते मुख्य आणि कोणते आनुषंगिक हे रोग्याच्या गरजेवरून ठरते, रसायनाच्या स्वभावावरून नव्हे. इप्रोनियाझिड क्षयावरील औषध म्हणून आले, तेव्हा रोग्यांचा उल्हास हाच आनुषंगिक परिणाम होता.

मराठीत वैद्यकीय विषयांवर लिहिणारे, भाषांतर करणारे आणि शिकविणारे यांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द इतका रुळला आहे की तो व्यवहारातून काढून टाकणे शक्य नाही, आणि तसा आग्रहही नको. परंतु शास्त्रीय विवेचनात 'प्रतिकारव्यवस्था' हा शब्द योजावा; आणि तिच्यासंबंधी 'वाढते', 'घटते' ही क्रियापदे वापरण्यापूर्वी त्यांचा कर्ता कोण, म्हणजे तिच्यातील नेमके काय वाढते वा घटते, हे वाक्यातच सांगावे. 'इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण उतरले' किंवा 'लसीला लसीकापेशींचा प्रतिसाद चढला' असे लिहिल्याने वाक्य थोडे लांबते, हे खरे. पण ते वाचून रोग्याने औषध चालू ठेवावे की नाही याचा विचार त्याच्या वैद्याला करता येतो. 'शक्ती कमी झाली' एवढे वाचून तो करता येत नाही.